घारापुरीची ‘त्रिमूर्ती’: ब्रह्मा नाही, विष्णू नाही

गेटवेहून लाँचने घारापुरीच्या (एलिफंटाच्या) लेण्याला नेणारे तिथल्या तीन मुखांच्या मूर्तीबद्दल हमखास सांगतात: मधला चेहरा ब्रह्मदेव, एका बाजूला विष्णू, दुसऱ्या बाजूला महेश. शाळेच्या सहलींतूनही हेच पाठ होतं. प्रत्यक्षात तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. सहाव्या शतकातलं हे शिल्प पंचमुखी सदाशिवाचं, म्हणजेच महेशमूर्तीचं. चौथं मुख मागे कातळात आणि पाचवं वर, ही दोन्ही कोरलेली नाहीत.

उत्तरेच्या दारातून आत शिरलं की पाच मीटरहून उंच ही मूर्ती समोरच्या भिंतीत दिसते. आपल्या डाव्या हाताचं मुख नीट पाहा: मिशी, वटारलेले डोळे, हातात नाग, केसांत कवटी. हा अघोर, शिवाचं उग्र रूप. उजवीकडचं मुख नाजूक आहे. कुरळ्या बटा, मोत्यांचे सर, हातात कमळ. हा वामदेव, शिवाचंच उमेसारखं सौम्य रूप. कमळ दिसलं की लोक विष्णू म्हणून मोकळे होतात, पण शंख-चक्राचा पत्ता नाही! मधला मिटल्या डोळ्यांचा तत्पुरुष, शिवाचं शांत रूप.

खरा पुरावा शेजारीच आहे. डावीकडच्या अर्धनारीश्वराच्या पटात हंसांच्या आसनावर ब्रह्मा आणि गरुडावर विष्णू वेगळे कोरलेत, तेही प्रेक्षक म्हणून, आकाराने कितीतरी लहान. गाभाऱ्यात शिवलिंग, भोवतीच्या मोठ्या पटांत शिवाच्याच कथा. लेणं सोमवारी बंद असतं, तेवढं बघून निघा.