नाकातील रक्तवाहिन्यांच्या गाठींची दुर्बीण शस्त्रक्रिया

नाकपोकळीत किंवा तिच्या मागे वाढलेली, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ चेहऱ्यावर छेद न घेता नाकपुडीतून दुर्बीण घालून काढण्याची पद्धत. हिमँजिओमासारख्या (रक्तवाहिन्यांच्या साध्या, कर्करोगाच्या नसलेल्या) लहान गाठी या मार्गाने बहुधा सहज निघतात. कस लागतो तो अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊतींची गाठ, काढताना.

ही गाठ जवळजवळ फक्त किशोरवयीन मुलग्यांमध्ये आढळते. ती कर्करोगाची नसली, तरी हाड झिजवत डोळ्याच्या खोबणीपर्यंत, कधी कवटीच्या आतही पोहोचते. एकाच बाजूचे नाक सतत चोंदणे आणि न दुखता वारंवार घोळणा फुटणे ही तिची लक्षणे. अशा मुलाच्या नाकात गाठ दिसली, तर तपासणीसाठी तिचा तुकडा काढू नये, हे ठासून सांगायला हवे. तिच्यातील रक्तवाहिन्यांना स्नायूंचा पुरेसा थर नसतो. त्या आकसत नाहीत आणि रक्त थांबता थांबत नाही. सीटी स्कॅन व एमआरआयवरूनच बहुतेक वेळा निदान होते.

पूर्वी नाकाच्या कडेने, टाळूतून किंवा वरच्या ओठाच्या आतून छेद घेत. वाढत्या वयात चेहऱ्याची हाडे कापणे टळते, हा दुर्बिणीचा मोठा लाभ.

सारी आखणी रक्तस्रावाभोवती फिरते. गाठीला रक्त मुख्यतः मानेतून वर येणाऱ्या बाह्य कॅरोटिड धमनीच्या मॅक्सिलरी (जबड्याकडील) शाखेतून मिळते. शस्त्रक्रियेच्या साधारण २४ ते ७२ तास आधी धमनीत बारीक नळी सरकवून, सूक्ष्म कण सोडून हा पुरवठा तोडतात. भूल दिल्यावर डोके थोडे उंच ठेवतात, रक्तदाब बेताने कमी राखतात. सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण वापरतात. मोठ्या गाठीसाठी दोन शल्यचिकित्सक दोन्ही नाकपुड्यांतून एकाच वेळी काम करतात. गालाच्या सायनसची (हाडातील पोकळीची) मागची भिंत काढून मॅक्सिलरी धमनीला क्लिप लावतात आणि मग गाठ सोडवतात. शेवटी कवटीच्या तळाच्या स्फेनॉइड हाडात शिरलेले मूळ ड्रिलने साफ करावे लागते. इथे घाई झाली, तर गाठ पुन्हा उगवण्याची भीती असते.

छेद दिसत नाही म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ समजू नये. गाठ मेंदूला रक्त पुरवणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमनीला किंवा दृष्टीच्या नसेला बिलगलेली असेल, तर काम टप्प्याटप्प्याने करतात, उघड्या शस्त्रक्रियेची जोड देतात किंवा धोक्याचा भाग जाणूनबुजून मागे ठेवतात. तो वाढू लागल्यास किरणोपचाराचा विचार होतो. नंतर काही वर्षे दुर्बिणीने आणि एमआरआयने तपासणी चालू ठेवतात.