कारवार : आडोसा आहे, वाट नाही

महाराष्ट्रात कारवार म्हटलं की आधी घोषणा आठवते: 'बेळगाव, कारवार, निपाणी...' सीमावादात हे नाव इतकं घोषणेचं झालं की ते मुळात एक बंदर आहे, हेच विसरायला होतं.

काळी नदी समुद्राला मिळते तिथे हे शहर आहे. समोर कुर्मगड, पलीकडे दीपगृहाचं देवगड (आंब्याचं नव्हे), दक्षिणेला अंजदीव, अशी ही बेटं. शिवाय एक डोंगर थेट समुद्रात घुसलेला, आणि त्याच्या कुशीत बैतखोलचं बंदर. नैर्ऋत्येचा वारा सुटला की पश्चिम किनाऱ्यावर गलबताला थारा मिळणं कठीण, इथे मिळतो. कारवारचं सगळं भाग्य त्या आडोशात आहे.

जुनी पेठ मात्र नदीत आत, कडवाडला होती. मिरी आणि तलम कापडाच्या ओढीने १६३८मध्ये कोर्टीन या व्यापाऱ्याच्या इंग्रज मंडळीने इथे वखार घातली. पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. १६६५च्या फेब्रुवारीत बसरूरच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज कारवारवर आले, तेव्हा शहराने वर्गणी काढून खंडणी भरली. त्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात इंग्रजांना मुंबईचा ताबा मिळाला, आणि त्या गोष्टीचा एक धागा अंजदीवला जातो. आंदणात मिळालेली मुंबई घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी ती दिलीच नाही. तो सैन्य घेऊन अंजदीवच्या बेटावर थांबला आणि १६६४मध्ये तिथेच वारला. सुमारे ४०० सैनिकांपैकी रोगराईतून जेमतेम शंभरेक उरले. मुंबईच्या इतिहासात या बेटाला एखादी ओळ मिळते, तीही नशीब असेल तर.

आजचं शहर खरं तर १८६२नंतरचं. कानडा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तरेचा भाग मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि कारवार जिल्ह्याचं ठाणं झालं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस अडलेला आणि इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. धारवाड-हुबळीचा कापूस घाट उतरून इथून चढवायचा, असा बेत होता. रस्ते झाले, दीपगृह झालं, कचेऱ्या उभ्या राहिल्या. रेल्वे तेवढी आली नाही. १८८०च्या दशकात ती गोव्यातून मुरगावला उतरली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. माझ्या मते कारवारचा पराभव समुद्राने नव्हे, सह्याद्रीने केला. पुढे आखलेला हुबळी-अंकोला रेल्वेमार्गही वर्षानुवर्षं जंगलाच्या परवानग्यांत अडकला.

मग राहिलं ते निवांत सरकारी गाव. जिल्हा न्यायाधीश सत्येंद्रनाथ टागोर यांच्याकडे १८८३मध्ये धाकटा भाऊ रवींद्रनाथ राहायला आला आणि इथे त्याने एक नाटक लिहिलं. शहरासमोरच्या पुळणीला आज त्याचंच नाव आहे.

अंजदीव १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं. गोवामुक्तीच्या कारवाईत ते घेताना नौदलाचे सात जण कामी आले. पुढे त्याच नौदलाला मुंबईच्या गर्दीपासून दूर, खोल पाण्याचा तळ हवा होता. १९८६मध्ये राजीव गांधींनी 'सीबर्ड' या तळाच्या प्रकल्पाची कोनशिला बसवली, २००५मध्ये 'आयएनएस कदंब' हा तळ सुरू झाला. लाटा अडवायला घातलेल्या बांधाने अंजदीव जमिनीला जोडलं गेलं. अरग्यासह किनाऱ्यावरची गावं उठली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांच्या हातून मैलोन्‌मैल किनारा गेला.

म्हणून २०२०च्या सुरुवातीला बैतखोलचं व्यापारी बंदर वाढवायचं काम निघालं, तेव्हा मच्छीमार रस्त्यावर उतरले. नवा बांध येणार होता तो टागोरांच्या नावाच्या पुळणीच्या बाजूला. शहराजवळ रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला तेवढीच मोकळी वाळू उरली आहे.