मोसंबीएवढा थेंब

चित्रपटातलं धरण बहुतेक वेळा काँक्रीटचं असतं. उंच, पांढरट, दोन डोंगरांच्या बेचक्यात उभं. आधी केसाएवढा तडा दिसतो, तो वाकडातिकडा वर चढतो आणि मग अख्खी भिंत एका दमात कोसळते. टीव्हीवर हिंदीत डब केलेला असाच एक चित्रपट चालू असताना पुतणीनं विचारलं, "काका, नाथसागर बी असाच फुटंल का?" आमचं गाव पैठणच्या खालच्या अंगाला, गोदाकाठी. तेव्हा तिच्या डोळ्यांतली भीती खरी होती.

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, आणि हे धरण मुळात मातीचं आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. लांबी सुमारे 10 किलोमीटर. 27 दरवाजांचा सांडवा सोडला तर बहुतेक सगळा मातीचा भराव. मातीचं धरण काचेसारखं तडकत नाही, ते झिजून फुटतं. अशा धरणाच्या पोटात सहसा पाणी अडवणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमासारख्या भरड मातीचं कवच आणि पाण्याकडच्या उतारावर दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग. तरी थोडं पाणी पाझरतंच. ते पाझरणार हे धरूनच आत वाळू-खडीचे थर घालतात, म्हणजे पाणी बाहेर पडतं आणि माती जागेवर राहते. धरणाच्या पायथ्याशी हा पाझर मोजला जातो. पाणी निवळ असेल तर काळजी नाही. ते गढूळ झालं, की धरणाची माती बाहेर चालली आहे असं समजायचं. ही पोखरण खालच्या तोंडापासून सुरू होते आणि पाण्याच्या दिशेनं मागे मागे सरकते. ती वेळेत दिसली तर धरण वाचवता येतं. माझ्या मते आपल्याकडच्या चित्रपटाचा सगळ्यात थरारक क्षण हाच असायला हवा: रात्री बॅटरीच्या उजेडात पाझराचं पाणी ओंजळीत घेऊन पाहणारा माणूस.

दुसरा धोका माथ्यावरून पाणी जाण्याचा. मातीवरून पाणी वाहू लागलं, की प्रत्येक मिनिटाला खाच रुंदावते. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, त्याआधी जवान वाळूची पोती रचत होते. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण असंच ओसंडून फुटलं आणि मोरबी शहर बुडालं. उलट इटलीत 1963 साली वायाँ धरणाच्या जलाशयात डोंगराचा कडा कोसळला, पाणी काँक्रीटच्या भिंतीवरून उसळलं, खाली सुमारे 2000 माणसं गेली. ती भिंत मात्र आजही उभी आहे.

धरणाच्या मागे पाणी किती लांब पसरलंय याची पुतणीला फार धास्ती. पण भिंतीच्या एखाद्या जागी दाब किती, हे ठरतं तिथल्या खोलीवर. 30 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला 30 टन; तितक्याच खोल विहिरीच्या तळालाही तेवढाच.

आता पडद्यावरचं पाणी. संगणक येण्याआधी लहान प्रतिकृती बांधून ती फोडत आणि चित्रण संथ करत. प्रतिकृती 25 पट लहान असेल तर गती 5 पट मंद करावी लागते, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. वेळ असा जुळवता येतो, थेंब मात्र जुळत नाही. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार ठरून गेलेला. 3 मिलिमीटरचा थेंब त्या प्रतिकृतीत साडेसात सेंटिमीटरचा वाटतो, म्हणजे चांगल्या मोसंबीएवढा! जुन्या चित्रपटातला पूर खोटा वाटतो तो या थेंबांमुळे.

खऱ्या पुराचा आकडा मात्र डोळ्यांत मावत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. 50 वाघिणींच्या गाडीत सुमारे 25 लाख लिटर पाणी यायचं आणि त्याची वाट सगळं शहर पाहायचं. नदीत 1 लाख क्युसेक (सेकंदाला 1 लाख घनफूट) विसर्ग सोडला, असं आपण बातमीत ऐकतो, तेव्हा सेकंदाला 28 लाख लिटर पाणी जात असतं. एक पाणीगाडी, एका सेकंदात. आणि तरीही नाथसागराचा 76 टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा त्या वेगानं रिकामा व्हायला जवळजवळ 9 दिवस लागतील. म्हणून पाऊस डोक्यावर आल्यावर धरण झटकन खाली करता येत नाही. आवक पाहून आधीपासूनच सोडावं लागतं.

असं सोडलेलं पाणी भिंतीसारखं चालून येत नाही. ते चढतं. बरेचदा नदीकडून येतही नाही. गोदावरी तुडुंब असली की ओढ्यानाल्यांचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, तुंबतं आणि मागे फुगत जातं. माणसं नदीकडे डोळे लावून बसलेली असतात आणि पाणी मागच्या शेतातून, आवाज न करता, गोठ्यात शिरतं. हा फुगवटा मी अजून एकाही चित्रपटात पाहिलेला नाही.

आणि ओढ्यावरचा पूल. वेग दुप्पट झाला की वाहत्या पाण्याचा रेटा चौपट होतो. 4 मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद मोटार घ्या. पाणी तिच्या तळाच्या वर वीतभरही चढलं नाही, 15 सेंटिमीटरच चढलं, तरी ते तिला सुमारे एक टन भारानं वर उचलतं. लहान मोटारीचं सगळं वजनच तेवढं. चाकांची पकड सुटते, मग साधा रेटाही तिला कडेला नेतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या कितीतरी शेतांची माती खरडून गेली. पुलाच्या दोन्ही टोकांचा भरावही त्याच मातीचा, तोही असाच जातो. वरून गढूळ पाणी सपाट वाहत असतं. खाली रस्ता उरला आहे की नाही, हे काठावर उभं राहून कळत नाही. पुतणीला मी त्या पुलावर नेलं, पाणी ओसरल्यावर, आणि भरावातलं भगदाड दाखवलं. तिनं त्यात काठी घातली. काठी तळाला टेकली नाही.