पटावरच्या आकड्यामागे : विदर्भातल्या खेड्यांतली शाळा आणि कॉलेज

विदर्भातल्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचं कपाट उघडलं, की त्यातली सगळ्यात जीर्ण वही बहुतेक दाखल-खारीज रजिस्टरचीच, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदीची असते. दरवर्षी बारावीच्या निकालानंतर गावातली माणसं ही वही शोधत येतात. कारण जात पडताळणी, म्हणजे राखीव जागेसाठी जातीचा जुना पुरावा तपासून घेणं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधीची नोंद ज्याच्या घरात सापडली, त्याचं काम लवकर होतं. आजोबांचं नाव तेव्हा शाळेत घातलंच नसेल, तर नातवाची इंजिनिअरिंगची किंवा नर्सिंगची जागा हातची जायची वेळ येते. म्हणजे साठ-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कोणाचं नाव पटावर होतं, याचा परिणाम आजच्या प्रवेशावर होतो. पटसंख्येकडे नुसता आकडा म्हणून बघता येत नाही, ते यासाठी.

1951 च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम 18 टक्के होती. त्या काळात खेड्यातलं पोर पुढे शिकायचं तर अडचण फीपेक्षा राहण्याची असे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत आधी वसतिगृह काढलं आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणब्या-माळ्यांची, दलितांची पोरं तिथून शिकून निघाली. 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला, पण हाताच्या कामातून शिकवणारी ती शाळा सरकारी व्यवस्थेत रुजली नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या आसपासच्या वस्त्यांत शिक्षणाची जी ओढ लागली, तिला या पैशाचा मोठा आधार होता. आजही तालुक्याच्या कॉलेजात या शिष्यवृत्तीबद्दल 'भारत सरकारचा फॉर्म भरला का?' हाच प्रश्न ऐकू येतो.

मुलं खऱ्या अर्थाने पटावर आली ती 1990 नंतर. 15 ऑगस्ट 1995 ला मध्यान्ह आहार योजना सुरू झाली. आपल्याकडे सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. शिजलेली खिचडी सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर आली. मग सर्व शिक्षा अभियान, आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा. याच काळात पटाला पैशाचं मोल आलं. पटावर तुकडी ठरते, तुकडीवर शिक्षकाचं पद, पदावर अनुदान. मग खोटी नावं चढू लागली. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचं दिसलं. ती पडताळणी गरजेचीच होती. पण माझ्या मते तिने एक नुकसानही केलं: खरोखर कमी मुलं असलेल्या लहान गावाच्या शाळेकडेही संशयाने बघायची सवय लागली. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या 1,314 शाळा बंद करून शेजारी मिळवायचं ठरलं, तेव्हा ती सवय दिसली. पुढे 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना आली.

आता पट घटतोय तो देशभर. यूडायसच्या, म्हणजे देशातल्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या नोंदीत 2022-23 मध्ये शाळांत 25.17 कोटी मुलं होती, 2024-25 मध्ये 24.69 कोटी. याचं एक मोठं कारण साधं आहे, मुलं कमी जन्मतात. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, तर दोनच्याही खाली गेलाय. शाळेबाहेरची मुलं वाढली म्हणून पट घटला, असं नाही. 2024 च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातली 6 ते 14 वर्षांची 98.1 टक्के मुलं दाखल होती. पण त्याच पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून कमी, सुमारे 49 टक्के, मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. कोरोनानंतर 2022 मध्ये हे प्रमाण 42.8 पर्यंत घसरलं होतं, तिथून सावरलं. मेळघाटात घरी कोरकू, भामरागडात माडिया बोलणारं लेकरू पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक उघडतं. कापूस वेचायला किंवा वीटभट्टीवर आईबाप गेले की त्याचं नाव इथे राहतं आणि ते पोर तिकडे.

कॉलेजातही वाढ झाली: देशात 2014-15 मध्ये 3.42 कोटी विद्यार्थी होते, 2021-22 मध्ये 4.33 कोटी. अमरावती विद्यापीठ 1983 चं, गडचिरोलीचं गोंडवाना 2011 चं. त्यामुळे नागपूरच्या फेऱ्या वाचल्या. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने आणि सायकलींनी मुलींची दहावी-बारावी गाठून दिली, याचं श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं. पण तालुक्याच्या कॉलेजात बीएला नाव असलेला पोरगा सकाळी पोलीस भरतीच्या मैदानावर आणि दुपारी अभ्यासिकेत असतो. त्याला शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे, दोन-तीन कॉलेजं फिरणारे.

संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं हे ठरवण्याच्या हिशेबात दोन शाळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत हवी. गडचिरोलीत त्या एका किलोमीटरमध्ये नाला असतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच रस्ता बंद होतो. बारा पोरांची शाळा पलीकडच्या गावात मिळवताना हा नाला कोणत्या रकान्यात लिहायचा, ते फॉर्मवर नाही.