चंद्राच्या उजेडाचा हिशेब

1 नोव्हेंबर 1941ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स मुलगा आणि एका मित्रासह गाडीने सांता फेकडे परतत होते. दिवसभर मनासारखं काही मिळालं नव्हतं. हर्नांडेझ गावापाशी त्यांना चंद्र वर आलेला दिसला आणि खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, 8 बाय 10 इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा घाईघाईने ट्रायपॉडवर चढवला, आणि नेमका प्रकाश मोजायचा मीटर सापडेना.

ॲडम्सना एक आकडा पाठ होता: चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला 250 कँडल (कँडल म्हणजे प्रकाश मोजायचं एकक). आपण चंद्र रात्री बघतो, पण त्याच्यावर पडलेलं असतं ते लख्ख ऊनच. (कोजागरीला मोबाइलवर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येतो, तो यामुळेच. कॅमेरा अंधाराला पुरेल एवढा उजेड घेतो आणि उन्हातला चंद्र करपतो.)

काळ्याकुट्टपासून कोऱ्या कागदाच्या पांढऱ्यापर्यंत ॲडम्स 0 ते 10 अशा 11 पायऱ्या मानत. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, मधला करडा पाचवीवर. छायाचित्रकार फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी बसवलेली ही झोन सिस्टिम. कुठली वस्तू कुठल्या पायरीवर ठेवायची, हे छायाचित्रकाराने आधी ठरवायचं. चंद्र त्यांनी सातवीवर ठेवला, म्हणजे तो उजळ दिसेल पण त्यावरचे डाग पुसले जाणार नाहीत.

फिल्मवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा, हे पुढचं गणित तोंडी. फिल्मची संवेदनशीलता 64. चंद्र पाचवीवर हवा असता तर भिंगाच्या एफ/8 छिद्राला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक) 1/250 सेकंद पुरला असता. सातवीसाठी त्याच्या चौपट, साधारण 1/60. गडद पिवळा फिल्टर लावलेला, म्हणून आणखी तिप्पट: 1/20. जवळच्या झुडपांपासून दूरच्या डोंगरांपर्यंत सगळं रेखीव यावं म्हणून छिद्र एफ/32 एवढं बारीक, त्यातून 16 पट कमी प्रकाश येतो. उत्तर आलं जवळपास 1 सेकंद.

फिल्टर कशाला, तर तो आकाशाचा निळा प्रकाश अडवतो. निगेटिव्हवर तिथे चांदी कमी साठते आणि प्रिंटमध्ये आकाश गडद उतरतं. हे त्यांना 1927 साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत उमगलं होतं. हाफ डोमचा कडा आधी पिवळ्या फिल्टरने टिपला, पण मनात होतं ते गंभीर, काळं आकाश. हाताशी उरलेल्या शेवटच्या काचेवर (तेव्हा ते फिल्मऐवजी काचेच्या निगेटिव्ह वापरत होते) त्यांनी लाल फिल्टर वापरला आणि ते मिळालं. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द त्या काचेपासून सुरू होते.

हर्नांडेझला एक सेकंद झाला. दुसऱ्या फोटोसाठी त्यांनी फिल्मचा होल्डर उलटा केला, तेवढ्यात क्रूसांवरचं ऊन गेलं. हाती एकच निगेटिव्ह उरली, तीही छापायला अवघड, कारण जमिनीचा भाग फिका आला होता. 1948मध्ये त्यांनी रासायनिक प्रक्रियेने तेवढ्याच भागाची घनता वाढवली.

ॲडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, असं ते म्हणत. डार्करूममध्ये आकाशाच्या भागावर जास्त वेळ प्रकाश पाडून ते तो भाग गडद करत. सुरुवातीच्या प्रिंटांत चंद्राच्या वरती विरळ ढगांचे पट्टे दिसतात. सत्तरच्या दशकातल्या प्रिंटांत ते जवळजवळ उरलेले नाहीत, तिथे फक्त काळं आकाश आहे.