पोलिसांविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार: अर्ज नेमका कुठे अडकतो

कोठडीत मारहाण, अटक न दाखवता दोन-दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवणं, तुरुंगात आजारी कैद्याला औषधपाणी न मिळणं, अशा तक्रारी महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येतात. कार्यालय मुंबईत, सीएसएमटीसमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो. ज्याच्यावर बेतलं त्यानेच अर्ज करायला हवा असंही नाही; बायको, भाऊ, शेजारी, संस्था, कोणीही त्याच्या वतीने करू शकतं.

इतकं सोपं असूनही अर्ज परत येतात. तुमचं म्हणणं खोटं ठरल्यामुळे नाही. बहुतेक वेळा ते खरं की खोटं हे पाहायची पाळीच येत नाही.

पहिला घात तारखेचा. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993 च्या कलम 36 प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. हे वर्ष मारहाण झाली त्या दिवसापासून मोजतात. तुम्ही एसपी ऑफिसला अर्ज दिलात तेव्हापासून नाही, त्यांचं उत्तर आलं तेव्हापासून नाही, जामिनावर सुटलात तेव्हापासूनही नाही. लोक इथेच फसतात. एका ऊसतोड जोडप्याचा अर्ज मी लिहून दिला होता. नवऱ्याला मारलं ते हंगाम सुरू होताना. आधी वरच्या साहेबांकडे अर्ज, मग ‘चौकशी चालू आहे’, मग पुढच्या महिन्यात या. माझ्याकडे आले तेव्हा चौदा महिने झाले होते. आम्ही तरी पाठवला. तो मुदतबाह्य म्हणून निकाली निघाला. म्हणून सांगतो, वरिष्ठांकडे तक्रार जरूर करा, पण उत्तराची वाट बघत बसू नका. ते उत्तर वर्षाच्या आत यावं अशी घाई तिथे कोणालाच नसते.

दुसरं, प्रतिलिपी. गृहमंत्र्यांच्या नावे अर्ज लिहायचा आणि खाली प्रत माहितीसाठी म्हणून सात कार्यालयांची नावं टाकायची, ही आपली जुनी सवय. दुसऱ्याला लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत आली तर आयोग ती तक्रार म्हणून धरत नाही. आयोगासाठी वेगळा अर्ज, आयोगाच्याच नावे, खाली सही किंवा अंगठा. आणि दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे व मुंबईला राज्य आयोगाकडे एकदम पाठवू नका. दोन ठिकाणी पाठवलं की जोर वाढतो असं वाटतं, पण एका आयोगापुढे असलेला विषय दुसरा आयोग घेत नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हे आणखी वेगळं दार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्याने 2014 साली पोलीस कायदा दुरुस्त करून त्याची तरतूद केली. तिथे जायचं की आयोगाकडे, हे आधी ठरवा.

तिसरं, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’, म्हणजे विषय कोर्टात चालू आहे म्हणून अर्ज बंद, हा शेरा. पुष्कळदा तो आपल्याच मांडणीमुळे बसतो. मुलावर चोरीची केस चालू असते आणि अर्जाची दोन पानं ती केस कशी खोटी आहे यातच जातात; मारहाण शेवटच्या चार ओळींत. वाचणाऱ्याला दिसते ती कोर्टातली चोरीची केस. केसचा नंबर एका ओळीत द्या आणि स्पष्ट लिहा: ‘माझी तक्रार या केसबद्दल नसून अमुक तारखेला कोठडीत झालेल्या मारहाणीबद्दल आहे.’ त्या मारहाणीबद्दलच तुम्ही कोर्टात गेला असाल तर मात्र ते लपवू नका. शेतीचा बांध, भाऊबंदकी, नोकरीतली बदली हे विषय अर्जात आणूच नका.

अर्जात तारीख, वेळ, ठाण्याचं नाव आणि कोणाविरुद्ध ते हवं. नाव माहीत नसेल तर हुद्दा, छातीवरच्या पट्टीवर वाचलेलं आडनाव, गाडीचा नंबर, जे असेल ते. ‘पोलिसांनी अन्याय केला’ एवढ्यावर काही हलत नाही.

आता कागद. आधार कार्डाची झेरॉक्स सगळे आणतात. लागतो तो वैद्यकीय अहवाल, आणि तो कोणाकडेच नसतो. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी झाली की अहवालाची प्रत त्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 53 म्हणतं. प्रत्यक्षात दवाखान्यात बाजूला पोलीस उभा असतो, ‘काही त्रास आहे का’ या प्रश्नाला माणूस मान हलवतो आणि कागदावर ‘इजा नाही’ येतं. तरी दोन जागा उरतात. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर, पोलिसांनी मारहाण केली का, हे विचारणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे. 1983 च्या शीला बर्से प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं आहे. तिथे बोला. विचारलं नाही तरी बोला आणि नोंद करायला सांगा. दुसरी जागा तुरुंग. तुरुंग अधिनियम, 1894 च्या कलम 24 नुसार कैदी आत आला की त्याच्या अंगावरच्या जखमा नि खुणा वहीत लिहायच्या असतात. पोलिसांच्या दवाखान्यात दिसली नाही ती जखम तुरुंगाच्या वहीत सापडू शकते. अर्जात ‘अमुक तारखेची ही नोंद मागवावी’ एवढं लिहा. सुटल्यावर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात केस पेपर काढा आणि डॉक्टरांना कारण खरं सांगा. ‘पडलो’ म्हणाल तर तेच लिहिलं जाईल.

अटकच दाखवली नाही तर कागद कुठून आणायचा? म्हणून माणूस उचलून नेला त्याच रात्री 112 ला फोन करा, एसपींना ई-मेल करा. वेळेची नोंद राहते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंह सैनी निकालानुसार प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवा आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं आहे. कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता, हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. पण आठवडाभरात ‘अमुक वेळेचं चित्रण जतन करावं’ असा लेखी अर्ज देऊन पोच घेतली असेल, तर त्या उत्तराचा जाब विचारता येतो. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. आयोगाकडच्या अर्जातही हे चित्रण मागवायला सांगा.

पुढे आयोग अहवाल मागवतो. तो बहुधा त्याच खात्याचा साहेब लिहितो, आणि त्यात तुमचे जुने गुन्हे आधी येतात. त्यावर तुमचं म्हणणं मागवलं की दिलेल्या मुदतीत लिहून पाठवा. गप्प राहिलात तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरलं जातं. भरपाई द्या, कारवाई करा, असं आयोग सरकारला सांगतो ती शिफारस असते, हुकूम नव्हे. हे आधीच माहीत असलेलं बरं. वर्ष उलटून गेलं असेल तर उच्च न्यायालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

पत्ता मात्र विचार करून द्या. पालावर राहणारी, हंगामाला गाव सोडणारी माणसं आधारवरचा पत्ता देतात आणि आयोगाची नोटीस ‘सापडत नाही’ शेऱ्याने परत जाते. बारा महिने एका जागी असणाऱ्या कोणाच्या तरी, शाळेतल्या गुरुजींच्या, किराणा दुकानदाराच्या मार्फत पत्ता द्या, आणि त्यांना आधी विचारून ठेवा.