प्रागचे खगोलीय घड्याळ

प्रागचे खगोलीय घड्याळ : चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील जुन्या नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवरील मध्ययुगीन घड्याळ. स्थानिक नाव ‘ऑर्लोय’. हा शब्द लॅटिन ‘होरोलॉजियम’वरून आला. तास पडताना वरच्या दोन खिडक्यांतून सरकणारे प्रेषितांचे (येशूच्या बारा शिष्यांचे) पुतळे पाहायला चौकात गर्दी लोटते. हे पुतळे मात्र बरेच नंतरचे असून ते सामान्यतः १७८७–९१ च्या दुरुस्तीतले मानले जातात. घड्याळाचे मोल आहे ते त्यांच्याखालच्या तबकडीत.

घड्याळ कोणी घडवले, हा प्रश्न दीर्घकाळ चुकीच्या उत्तरावर थांबला होता. सोळाव्या शतकात यान ताबोर्स्की या घड्याळजीने यंत्र दुरुस्त केले आणि त्याविषयी १५७० मध्ये तपशीलवार अहवाल लिहिला. त्यात त्याने निर्मितीचे श्रेय हानुश या कारागिराला दिले. पुढे दंतकथा रुजली : असे घड्याळ दुसऱ्या नगराला मिळू नये म्हणून नगरपालांनी हानुशचे डोळे काढवले आणि आंधळ्या हानुशने यंत्रात हात घालून ते बंद पाडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कादंबरीकार आलोइस यिरासेक याच्या लेखणीने ही कथा चेक घराघरांत पोहोचली. ९ ऑक्टोबर १४१० चा दस्तऐवज मात्र वेगळे सांगतो. त्यात घड्याळाचा कर्ता म्हणून कडान्य गावच्या मिकुलाशचे नाव येते. झ्देन्येक होर्स्की या विज्ञानेतिहासकाराच्या संशोधनानंतर हेच मत सर्वमान्य झाले. तबकडीमागचे गणित प्राग विद्यापीठातील ज्योतिर्विद यान शिंडेल याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि यंत्राची गणिती शिस्त पाहता ते पटते. हानुश (यान रूझे) सुमारे १४९० मध्ये या घड्याळावर काम करीत होता. खालची दिनदर्शिकेची तबकडी त्याच सुमारास बसवली गेली असावी. दर्शनी भागावरील जुने दगडी कोरीवकाम चौदाव्या शतकातील वास्तुशिल्पी पेटर पार्लर याच्या कार्यशाळेकडे देण्याचा प्रघात आहे, पण तो शैलीच्या साम्यावर आधारलेला आहे.

‘चालू असलेले जगातील सर्वांत जुने खगोलीय घड्याळ’ असे याचे वर्णन केले जाते. पाडुआ आणि स्ट्रासबर्ग येथील घड्याळे त्याआधीची, चौदाव्या शतकातली. पण ती मूळ रूपात टिकली नाहीत. प्रागच्या यंत्राचेही अनेक भाग बदलले गेले आहेत, हे लक्षात घेऊनच हा दावा स्वीकारावा.

मुख्य तबकडी म्हणजे यंत्राने चालणारा यंत्रराज (ॲस्ट्रोलेब), म्हणजे सूर्य व तारे यांची आकाशातील स्थाने सपाट तबकडीवर दाखवणारे उपकरण. आकाशगोल ध्रुवावरून विषुववृत्ताच्या प्रतलावर उतरवून ती आखली आहे. हाती धरायच्या नेहमीच्या यंत्रराजात हे प्रक्षेपण दक्षिण ध्रुवावरून असते, येथे ते उत्तर ध्रुवावरून आहे. त्यामुळे कर्कवृत्त बाहेर आणि मकरवृत्त आत येते. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य तबकडीवर खरोखरच उंच चढलेला दिसतो, हिवाळ्यात तो मध्याजवळ उतरतो. मध्यभागी पृथ्वी, वर दिवसाचे निळे आकाश, खाली रात्रीचे काळे वर्तुळ आणि दोहोंमध्ये संधिप्रकाशाचा तांबूस पट्टा असतो. राशिचक्राचे कडे केंद्रापासून सरकलेले फिरते. या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या आहेत, म्हणून आपल्या निरयन (स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजणाऱ्या) पंचांगाशी त्या जुळवू पाहिल्यास फरक पडेल.

आत १४१० च्या रचनेनुसार सुमारे ११६ सेंमी. व्यासाची तीन समाक्ष दंतचक्रे आहेत. त्यांना अनुक्रमे ३६५, ३६६ आणि ३७९ दाते असून एकाच आसावरील २४ दात्यांची तीन लहान चक्रे त्यांना फिरवतात. पहिले चक्र राशिचक्राचे कडे फिरवते, दुसरे सूर्यकाटा, तिसरे चंद्रकाटा. ३६६ दात्यांचे चक्र २४ तासांत फिरले की ३६५ दात्यांचे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत फेरी पुरी करते. हा नेमका नाक्षत्र दिन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीच्या एका फेरीचा काळ होय. एका दात्याच्या फरकात एवढी अचूकता साधावी, ही या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट. चंद्रकाट्याची फेरी मात्र २४ तास ५१ मिनिटे ९ सेकंदांची होते, म्हणजे सरासरी चांद्र दिनापेक्षा (चंद्र आकाशात पुन्हा त्याच दिशेला येण्याच्या काळापेक्षा) सुमारे ४१ सेकंद अधिक. हा फरक साचतो आणि काटा हाताने जुळवावा लागतो. त्याच्या टोकावरचा अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा चंद्रकला दाखवतो. गोळ्याच्या आत वजन आणि ५७ दात्यांचे चक्र दडवले आहे. काट्याच्या प्रत्येक फेरीत ते दोन दाते पुढे सरकते, म्हणजे साडेअठ्ठावीस फेऱ्यांत, सुमारे साडेएकोणतीस दिवसांत, एक आवर्तन होते. ही करामत बहुधा सतराव्या शतकातील असून कर्ता अज्ञात आहे.

ठोके मोजणारी रचनाही अशीच. छोट्या चक्राच्या परिघावर १, २, ३, ४, ३, २ अशा लांबीचे खंड आहेत. ते सतत फिरत राहिले की लगतच्या खंडांच्या बेरजेतून १ पासून २४ पर्यंतचा प्रत्येक आकडा क्रमाने निघतो : ३+२ म्हणजे ५, १+२+३ म्हणजे ६, ४+३ म्हणजे ७. दिवसाचे एकूण ठोके ३००, खंडांची बेरीज १५, म्हणून चक्र दिवसाला २० वेळा फिरते. गणितज्ञांनी अलीकडे या मालिकेला शिंडेलचे नाव दिले आहे.

तबकडीवर काळ अनेक प्रकारे वाचता येतो : रोमी आकड्यांत आजची वेळ, बाहेरच्या फिरत्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले जुने चेक तास, सोनेरी रेषांत सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग, जे दिनमानानुसार उन्हाळ्यात लांबतात, हिवाळ्यात आखडतात.

बाजूच्या आकृतींपैकी घंटा वाजवणारा सांगाडा सर्वपरिचित आहे. दिनदर्शिकेवरील बारा महिन्यांची चित्रे योसेफ मानेस याने १८६६ मध्ये रंगवली. मूळ फलक संग्रहालयात असून भिंतीवर प्रतिकृती असते. मे १९४५ च्या प्राग उठावात जर्मन माऱ्याने नगरभवन पेटले, लाकडी पुतळे आणि प्रतिकृती जळाली. वोयतेख सुखार्दा याने प्रेषित पुन्हा कोरले आणि १९४८ मध्ये घड्याळ विजेवर सुरू झाले. २०१८ च्या दुरुस्तीत वीजयंत्रणा काढून १८६० च्या दशकातील यंत्रणा परत बसवण्यात आली. त्याच वेळी लावलेल्या नव्या प्रतिकृतीत काही चेहरे, वये आणि वेष मानेसच्या मूळ चित्रांशी जुळत नसल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले.